दोन गायींचा पंचनामा

“बिल्ला कुठाय?” मामांनी विचारलं.

“म्हैस समोर मरून पडलीये मामा, आणि तुम्ही बिल्ला काय विचारताय?”

गिरणीवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या पिठाच्या गिरणीत अजून गुडघाभर चिखल होता आणि गिरणीमागच्या गोठ्यात तिची म्हैस चारी पाय ताठ करून पडली होती. मामा म्हशीच्या डोक्याशी उकिडवे बसले. नाकातोंडावर फडकं बांधलं होतं, तरी वास काही थांबत नव्हता. पुराचं पाणी ओसरून दीड दिवस झाला होता आणि ऊन असं स्वच्छ पडलं होतं, की जणू मधे काही घडलंच नाही. त्यांनी उजवा कान उचलून पाहिला, मग डावा. डाव्या कानाची पाळी खालून फाटलेली होती. जखम जुनी, केव्हाच भरून आलेली.

“गेल्या उन्हाळ्यात तारेत अडकून तुटला,” गिरणीवाली म्हणाली. “मी आले होते की दवाखान्यात सांगायला. तुम्हीच म्हणालात, बिल्ले संपलेत, पुढच्या महिन्यात या.”

“मग आलात?”

“गिरणी कोण बघणार? तुम्ही?”

मामांनी हातातल्या यादीवर म्हशीपुढे फुली मारली. गिरणीवालीला लिहितावाचता येत नव्हतं, पण फुली कळायला काही शाळेत जावं लागत नाही.

“हे काय केलंत?”

“कानात बिल्ला नसेल तर सरकारी मदत मिळत नाही, वहिनी. बिल्ल्याचा नंबर वहीतल्या नंबराशी जुळवावा लागतो. फोटोत दिसावा लागतो. नियम आहे.”

“म्हणजे माझी म्हैस नव्हतीच म्हणा की!”

“होती हो. पण कागदावर…”

“तीन वर्षं तिचं दूध तुमच्या दवाखान्यातल्या चहाला जात होतं मामा. तो चहा काय कागदावर पीत होता?”

मामांना हे लागलं. पण लागून काय उपयोग? नियम त्यांनी केला नव्हता, फक्त सांगायचं तोंड त्यांचं होतं. “डॉक्टर मॅडम येतील अकरापर्यंत, त्यांना सांगून बघा,” असं म्हणून ते उठले, गुडघे चोळले आणि चालू लागले. मागून गिरणीवाली बोलतच होती. नियम गरिबालाच, फुल्या गरिबालाच, असं काहीबाही. मामांनी मान वळवली नाही. वळवली असती तर तिला त्यांचं तोंड दिसलं असतं, आणि त्या तोंडावर काय होतं ते त्यांना नीट ठाऊक होतं. कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन पिवळे बिल्ले होते, अगदी कोरे करकरीत.

मामा म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले परिचर. एकतीस वर्षं नोकरी. जनावर धरायचं, पाडायचं, औषध पाजायचं, डॉक्टर नसतील तेव्हा लोकांच्या शिव्या खायच्या. चार वर्षांपूर्वी सरकारनं ठरवलं, की प्रत्येक गाईम्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला हवा, आणि ते काम मामांच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांत त्यांना बिल्लामामा म्हणतात. लहान पोरं त्यांना पाहून स्वतःचे कान झाकतात. माणूस नाकासमोर चालणारा. कधी कुणाचा पैसा घेतला नाही, कधी खोटी सही केली नाही. म्हणजे एकदा केली होती. एकदाच, पण केली होती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ती एक सही त्यांच्या बोकांडी बसायला आज आली होती.

सही केली होती ती ताईसाठी.

ताई मामांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मामा पाच वर्षांचे होते आणि ताई चौदाची. घरात एक गाय होती. ताईनं ती गाय आणि भाऊ, दोन्ही सांभाळले. पहाटे धार काढायची, दारोदार दूध घालायचं, आल्यावर याला आंघोळ घालून शाळेत पाठवायचं. याचं दहावीचं वर्ष होईपर्यंत तिनं स्वतःचं लग्न पुढे ढकललं आणि मग पदरात पडलं ते स्थळ स्वीकारलं. नवरा भला होता, पण आयुष्य कमी घेऊन आला. मूलबाळ झालं नाही. नदीकाठी खोलगटात एक खोली, शेजारी गोठा, वीतभर शेत, एवढं मागे ठेवून तो गेला. ताई तिथेच राहिली. एखादी गाय दावणीला असायचीच. दुधावर तिचं पोट होतं हे खरं, पण पोटाचं एक वेळ काहीतरी झालं असतं.

“गाय नसली की मला सकाळच होत नाही रे,” ती म्हणायची.

चार वर्षांपूर्वी मामा बिल्ले मारायला निघाले तेव्हा पहिल्याच दिवशी कौतुकानं बहिणीकडे गेले होते. तेव्हा तिच्याकडे ठेंगणी नावाची गाय होती. वरून रोजचा हुकूम होता दोनशे जनावरांचा. दोनशे जनावरं करायची म्हणजे दर वेळी बिल्ला टोचायचा चिमटा धुवायला, उकळायला वेळ कुठला? एका कानातून काढला की दुसऱ्या कानात. ठेंगणीचा कान पिकला. आधी सूज, मग पू, मग अळ्या. मामांनी रोज जाऊन जखम धुतली, सुया मारल्या, पण धनुर्वातानं गाय आखडत गेली, जबडा मिटला आणि बाराव्या दिवशी संपली. ताई भावाला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मामांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

वर्षभरानं तिनं दुसरी गाय घेतली. कबरी. कबरी गाभण होती, तिला कालवड झाली, ती धाकटी. मामा पुन्हा चिमटा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा ताईनं दोघींच्या पुढे येऊन हात आडवे केले.

“यांच्या कानांना हात लावायचा नाही.”

“अगं, नियम आहे.”

“तुझा नियम गेला खड्ड्यात. एकीला तुझ्या हातांनी मारलंस, मी काही म्हटलं का? या दोघींना नाही.”

तेवढंच काय ते ती बोलली. आणि मामा, नाकासमोर चालणारे मामा, दवाखान्यात परत आले आणि त्यांनी वहीत लिहिलं: कबरी गाय, अमुक नंबर, कालवड, तमुक नंबर, बिल्ला मारला. खाली सही. दोन्ही बिल्ले त्यांनी टेबलाच्या खणात मागे सारून ठेवून दिले. वाटलं, पुढेमागे समजूत घालू, मारू. पुढेमागे राहूनच गेलं. ताईला त्यांनी वहीचं काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं, भावानं आपलं ऐकलं आणि विषय संपला.

परवा संध्याकाळी धरणातून सोडलेलं पाणी ओसरलं, आणि काल रात्री ताईचा फोन आला. “सापडल्या रे दोघी. पंपघराच्या कुंपणाला.” बस्स, एवढंच. मामांची बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “ताईंना आता इकडेच आणा. आपल्या दोन खोल्यांत आणखी एक माणूस जड नाही.” मनापासून म्हणाली. पण मामांना माहीत होतं, ताई इथे आली तर सकाळी उठून ओट्याशी घुटमळत राहील आणि महिना दोन महिन्यांत वाळून जाईल. दोन गायींची मदत मिळाली तर एक तरी गाय येईल. गाय आली तर ताई तिच्या घरी राहील. हिशोब साधा होता. म्हणून मामा सकाळी सहाला दवाखाना उघडून खणातले बिल्ले आणि चिमटा घेऊन निघाले होते. गिरणीवालीचं घर वाटेत होतं, यादीत तिचं नाव आधी होतं, त्याला ते तरी काय करणार?

ताईच्या घराची एक भिंत बसली होती. अंथरूण, भांडी, पेटी, सगळं दारात वाळत घातलेलं. ताई तिथे नव्हती. ती शेताच्या खालच्या टोकाला, पंपघराच्या तारेच्या कुंपणाशी बसली होती. कुंपणात लव्हाळं, फांद्या, प्लास्टिक, कुणाचा तरी दरवाजा, असं सगळं अडकलं होतं आणि त्याच्याच खाली कबरी आणि धाकटी. पोटं फुगलेली. ताई एका हातानं माश्या वारत होती. कधीपासून वारत होती कोण जाणे.

“आलास? काही खाल्लंस का?” तिनं विचारलं.

चार दिवसांत ती स्वतः धड जेवली नव्हती.

“खाल्लं,” ते खोटं बोलले आणि तिच्या शेजारी बसले.

ताई आपणहून सांगू लागली.

“होडीवाले म्हणाले, माणसं फक्त. मी म्हटलं, ठीक आहे. दोघींची दावी सोडली. म्हटलं, जनावराला पोहता येतं, टेकडीकडे जातील. गेल्याही होत्या रे टेकडीकडे. बरोबर चालल्या होत्या.” तिनं एक माशी वारली. “आणि मी होडीत बसले आणि मला राहवलं नाही. हाक मारली.”

“ताई, राहू दे.”

“हाक मारली म्हणून वळल्या. होडीच्या मागे पोहत आल्या दोघी. मी आपली हाका मारतीये, ये गं, ये गं. मला वाटलं, येतायत बरोबर. मधे धारेला लागल्या. धाकटी आधी गेली, मग ही तिच्यामागे गेली.” तिनं पदर तोंडाला लावला. “तोंड बंद ठेवलं असतं तर वाचल्या असत्या. जन्मात कधी माझ्या हाकेला ओ दिली नाही असं झालं नाही त्यांचं. त्या दिवशी तरी नसती दिली.”

मामा रडले. साठीला आलेला माणूस, सरकारी टोपी घातलेला, बहिणीच्या शेजारी चिखलात बसून लहान पोरासारखा रडला. ताईनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, “पुरे. मॅडम येतील ना तुझ्या? काय करायचं असतं ते कर.”

मामांनी खिशातून बिल्ले काढले. ताई बघत राहिली. काय चाललंय ते तिला कळायला एक क्षण लागला.

“आता? आता टोचणार तू?”

“बिल्ला असल्याशिवाय मदत नाही मिळत. दोघींची मिळाली तर एक गाय येईल ताई. मी नवा चिमटा आणलाय. उकळून आणलाय.”

मेलेल्या गाईसाठी चिमटा उकळून आणला होता. बोलल्यावर मामांनाच त्याचा अर्थ कळला आणि ते खाली बघू लागले.

ताईनं पुढे सरकून कबरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान तळहातावर सपाट धरला. “मार,” ती म्हणाली. मामांनी चिमटा दाबला. चार वर्षांत पहिल्यांदा एक जनावर बिल्ला मारताना हललं नाही. धाकटीचाही कान तिनंच धरला. टच्‌ असा आवाज झाला तेव्हा ताईनं मात्र अंग चोरलं.

अकराला डॉक्टर मॅडम आल्या. वयानं मामांच्या मुलीएवढ्या, नोकरीला दोन वर्षं झालेल्या, गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात कसा घालायचा हे पुस्तकात शिकलेल्या आणि मामांच्या देखरेखीखाली खरोखर शिकलेल्या. पायात गमबूट, काखेत वही, डोळे जागरणानं लाल. त्यांच्या मागोमाग गिरणीवाली चिखल तुडवत येत होती. म्हशीची फुली पुसून घ्यायची म्हणून ती मॅडमची पाठ सोडत नव्हती.

मॅडमनी गायी पाहिल्या, ताईकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “वाईट झालं हो ताई.” मग मोबाइल काढला. “मामा, कान वर धरा जरा. फोटो घेते.”

मामांनी कबरीचा कान उचलला. उन्हात पिवळा बिल्ला चमकला. आणि तेवढ्यात गिरणीवाली ओरडली.

“अरे वा रे वा! बिल्ले उगवले का यांना?”

ती मॅडमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“मॅडम, या गायींच्या कानात जन्मात कधी बिल्ला नव्हता. अख्ख्या वस्तीला विचारा. ही बाई हातच लावू द्यायची नाही. सकाळी माझ्या म्हशीवर फुली मारली यांनी, नियम सांगितला मला. आणि बहिणीच्या गायींना? आपला तो बाब्या, नाही का?”

मॅडम वाकल्या. त्यांनी बिल्ला बोटानं जरा बाजूला केला आणि भोक बघितलं. कित्येक वर्षांपूर्वी टोचलेल्या कानाच्या भोकाची कड गुळगुळीत झालेली असते, हे बायकांना सांगावं लागत नाही. हे भोक ओलं होतं, पांढरं, कच्चं. रक्ताचा थेंब नाही. मॅडमनी धाकटीचा कानही बघितला. मग उठून हातमोजा काढला आणि बराच वेळ तो उलटसुलट करत राहिल्या.

“मामा, वहीत तुम्ही लिहिलंय, या दोघींना तीन वर्षांपूर्वी बिल्ले मारले म्हणून. सही आहे तुमची.”

“हो, मॅडम.”

“हे बिल्ले आजचे आहेत.”

मामांचा हात रिकाम्या खिशाकडे गेला.

“वरून तपासणी यायचीय परवा. एकेक फोटो बघणार आहेत. हे मी पुढे पाठवलं तर सरळ सरळ फसवणूक होते. बिल्ले काढून टाकले आणि ताईंच्या बिनबिल्ल्याच्या गायी म्हणून लिहिलं, तर तुमची वही खोटी ठरते. मामा, तुमची नोकरी जाईल. पेन्शनसुद्धा…” त्यांनी वही मिटली. “काय करून बसलात हो हे?”

मामांनी टोपी काढून हातात घेतली. खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी हलकं वाटलं. तीन वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं होतं. ते म्हणाले, “लिहा मॅडम खरं काय ते. चूक माझी आहे. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं.”

ताई आतापर्यंत कुंपणाला धरून उभी होती. वही, सही, पेन्शन हे सगळं ती पहिल्यांदा ऐकत होती. तिनं भावाकडे पाहिलं. गायीच्या कानाला दुखू नये म्हणून ती एक वाक्य बोलली होती, आणि त्या वाक्यापायी हा वेडा तीन वर्षं नोकरी टांगणीला लावून बसला होता. सांगितलंसुद्धा नव्हतं. तिनं पदर खोचला आणि पुढे आली.

“मॅडम,” ती म्हणाली, “या गायी माझ्या नाहीत.”

“काय?”

“माझ्या नाहीत. माझ्या गेल्या वाहून, सापडल्या नाहीत. या कुठूनतरी वरून वाहत आल्यात आणि इथे अडकल्यात.”

“ताई, अगं काय बोलतेस?” मामा ओरडलेच.

“तू गप्प बस,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “माझ्या गायी मला ओळखू येणार नाहीत का? सकाळपासून बघतीये मी. कबऱ्या रंगाच्या काय छप्पन्न गायी असतात. माझी कबरी अशी नव्हती. माझ्या नाहीत या.”

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गिरणीवालीकडे पाहिलं. आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं. ही बाई रोज या गोठ्यावरून जात होती. कबरी व्याली तेव्हा पहिल्या रात्री ताईसोबत बसली होती ती हीच. तिनं तोंड उघडलं, आणि मग ताईचा चेहरा तिला दिसला. माणसाला दुसऱ्याचं वाईट व्हावं असं वाटतं, पण किती वाईट, ते आधी कुठे ठरवलेलं असतं? तिचा सकाळपासूनचा सगळा ताव तिथल्या तिथे उतरला.

“मी लांबून बघितलं मॅडम,” ती पुटपुटली. “मला वाटलं यांच्याच. चिखलात काय कळतंय. नसतील यांच्या. नाहीतच.”

पलीकडे खड्डा खणणाऱ्या जेसीबीची घरघर तेवढी येत होती. शेवटी मॅडमनी मोबाइल खिशात टाकला.

“बेवारस जनावराच्या कानात कुणाच्या नावाचा नंबर नसतो,” त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. “मी त्या वळणावरच्या शेळ्या बघून येते. दहा मिनिटं लागतील. मामा, तोपर्यंत तुम्ही यांचे कान नीट तपासून ठेवा. काही सापडलं नाही तर तसं सांगा मला.”

आणि त्या खरोखरच पाठ फिरवून निघून गेल्या.

मामा जागचे हलले नाहीत. “ताई, मला नको अशी पेन्शन. चल, मी जातो त्यांच्यामागे, सांगतो.”

“जा ना. मग तुझी नोकरी गेली, माझ्या गायी तर गेल्याच. दोघं मिळून काय खायचं? ही वही?” तिचा आवाज फाटला, पण तिनं तो सावरला. “ठेंगणीच्या वेळी मी तुला काही बोलले नव्हते, आठवतं? आता तू मला काही बोलू नकोस. फिटलं म्हण.”

फिटलं कसलं आणि काय! पण मामा वाकले. चिमट्याच्या धारेनं त्यांनी बिल्ल्याचा दांडा कापला. सकाळी ताईनं कान धरला होता. आता ती पुढे झाली नाही. परक्याच्या जनावराला आपण हात लावत नाही, तशी चार पावलं मागे उभी राहिली. धाकटीच्या वेळी चिमटा घसरला, टोक कानाला लागलं आणि कातडं सोललं. “हळू,” असं ताईच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

मॅडम परत आल्या. “काही सापडलं?”

“नाही, मॅडम. काही नाही.”

मॅडम कुंपणाच्या खांबावर वही टेकवून लिहू लागल्या. गाय, कबरी, एक. कालवड, एक. मालक अज्ञात. मदतीच्या रकान्यात आडवी रेघ. मागच्या पानावर ताईच्या नावापुढे दोन गायी वाहून गेल्या, आढळल्या नाहीत, असं लिहिलं. वाहून गेलेल्या गायींचे कान तपासायला कुणी येणार नव्हतं. तिथेही रेघच. न सापडलेल्या जनावराची मदत नसते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

“दोन पंच लागतात,” त्या म्हणाल्या. “या ठिकाणी राहणारे. जनावरं कुणाची ते ओळखू आलं नाही, एवढंच लिहिलंय.”

गिरणीवालीनं आधी अंगठा दिला. अंगठा पुसता पुसता ती ताईला हळूच म्हणाली, “उद्या सकाळी चहाला या माझ्याकडे. काळा तर काळा, पण या.” ताईनं मान डोलावली.

मग वही ताईपुढे आली. तिला सही येत होती. लहानपणी भावाचा अभ्यास घेता घेता तिनं स्वतःचं नाव गिरवलं होतं, तेवढंच तिला लिहिता यायचं. तिनं पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं. मामा बघत होते. ती सही खोटी होती आणि ती बहिणीनं त्यांच्यासाठी केली होती. त्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता वही हिसकावून फाडावी. ते काही करू शकले नाहीत.

जेसीबी आला, मागे ट्रॅक्टरची ट्रॉली. बेवारस जनावरं गावाबाहेरच्या मोठ्या खड्ड्यात न्यायची होती, मालकाची जनावरं मालकाच्या शेतात. चालवणाऱ्यानं खाली उतरून कबरीच्या पायांना साखळी बांधली. लोक जमले होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कुणाच्या गं बाई या?”

“कुणास ठाऊक,” ताई म्हणाली.

यंत्रानं आधी कबरीला उचललं. मान लोंबली. ताईनं दोन्ही हातांनी पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. आपल्या नसलेल्या गाईसाठी रडायची सोय नव्हती, आणि ती रडली नाही. धाकटीलाही उचललं. मॅडम वही बंद करून निघाल्या, तशी ताई दोन पावलं त्यांच्यामागे गेली.

“मॅडम, एक सांगाल त्यांना?”

“काय?”

“खड्ड्यात शेजारी शेजारी ठेवा म्हणावं दोघींना. अशाच कुठेतरी टाकू नका.” ताई थांबली. “एका दावणीच्या वाटतात.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “मी स्वतः जाते,” एवढंच त्या म्हणाल्या आणि ट्रॉलीमागे चालू लागल्या. मामाही टोपी हातात घेऊन त्यांच्यामागे गेले. ताई तिथेच उभी राहिली. पुढे जायला तिला आता काही कारण नव्हतं.